सातव्या गिरिनीवरचं दव

लोकांना वसंत आवडतो. मला फाल्गुन लागला की अजूनही थकवा येतो. आता तर मी चौथ्या मजल्यावर राहते, झाडलोट करायला बाई येते, आणि सकाळी उठून मला कुठलीही जमीन ओली की कोरडी हे बघायचं नसतं. तरीही पहाटे शाल लागते, दुपारी पंखा लागतो आणि संध्याकाळी धुळीचा लोट येऊन वाळत घातलेले कपडे शेजारच्या गॅलरीत जातात, असे दिवस सुरू झाले की माझे तळपाय जड होतात. मुलगा म्हणतो, आई, हवा बदलते आहे, बाकी काही नाही. हवा बदलते म्हणजे काय, हे त्याला कसं सांगू? आमच्या घरात हवा बदलणं म्हणजे सगळ्यांनी अर्धवट झोपेत उठणं होतं.

माझे वडील सिकंदराबादच्या गोल्फच्या मैदानावर मेस्त्री होते. मेस्त्री म्हणजे माळ्यांचा मुखिया. मैदान नऊ खड्ड्यांचं. प्रत्येक खड्ड्याभोवती बारीक कातरलेली गुळगुळीत हिरवळ असते, तिला सगळे कामगार ‘गिरीन’ म्हणत आणि आम्हीही तेच म्हणायचो. पहिली गिरीन, दुसरी गिरीन, अशा नऊ. आम्हाला राहायला पंपाच्या खोलीमागे दोन खोल्या होत्या, वर पत्रा. पंप सुरू झाला की फळीवरची भांडी वाजायला लागायची, आणि बंद झाला की कानात पोकळी झाल्यासारखं वाटायचं. मी वाचायला शिकले ती त्या भकभकीत. आजही अगदी शांत खोलीत मला नीट वाचता येत नाही.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो आणि आईला माय. दोघंही बिदरच्या बाजूच्या एकाच गावची. त्या गावात शेतातली हरळी खणून काढता काढता आमच्या आज्याची कंबर वाकली होती. इथे येऊन दादांना पगार मिळत होता तो त्याच हरळीला जपण्याचा. गिरिनीवरचं गवत म्हणजे हरळीच, जरा बारीक पानाची. “तिकडं हिला शिव्या, इकडं हिला अंघोळ,” असं माय म्हणायची. दादा हसायचे, पण फार नाही. कामाची थट्टा त्यांना खपत नसे.

बाकीच्या वर्षात काम होतं, पण वसंतात काम संपतच नसे. पहाटे गिरिनींवर दव असायचं. ते तसंच राहिलं तर उन्हात गवताला बुरशी धरते, म्हणून लांब बांबूची काठी आडवी फिरवून झाडायचं. दहा वाजता ऊन चटका द्यायला लागायचं. कडुनिंबाची पानं एकदमच गळायची, ती वेचायची, कारण एक पान राहिलं तरी साहेबलोकांचा चेंडू त्यावर अडायचा. टिटव्या मैदानात उघड्यावर अंडी घालायच्या. दादा त्या जागेभोवती चार काड्या रोवून ठेवायचे आणि टिटवी त्यांच्याच डोक्यावर ओरडत फिरायची. आणि मग विहीर. चैत्रापर्यंत तिच्यात रोजचं पाणी चार-पाच गिरिनींपुरतंच उरायचं. आज कोणत्या चारांना पाजायचं आणि कोणाला उद्यावर ठेवायचं हे मेस्त्रीनं ठरवायचं. कोरडीला नाही मिळालं तर ती जळते, ओलीला जास्त झालं तर ती सडते. त्यात मधेच वळीव येऊन जायचा, कधी गाराही, आणि सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

दादा हे पायांनी ठरवायचे. चप्पल गिरिनीच्या कडेला काढायची, आत जायचं, टाच रोवायची, अंगठा जरा वळवायचा आणि घटकाभर उभं राहायचं. मग पंपवाल्या खाजामियाँकडे न बघताच सांगायचं, “हौ” किंवा “नक्को”. बस. खाजामियाँ त्यावर पाणी सोडायचे किंवा नाही. एकदा बोललेला शब्द दादांनी फिरवलेला कुणी पाहिला नव्हता. सेक्रेटरीसाहेब, फौजेतून निवृत्त झालेले, पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे, “हे आमचे किशन मेस्त्री. यांच्या पायांत यंत्र आहे.” दादा खाली बघायचे. घरी येऊन मायला मात्र अगदी शब्दन् शब्द सांगायचे.

माय त्या दिवसांत चिगुराची डाळ करायची. चिगुर म्हणजे चिंचेची कोवळी पालवी. मैदानाच्या कुंपणाला तीन चिंचा होत्या, तिथून ओटीत भरून आणायची, हातावर चोळायची आणि तुरीच्या डाळीत टाकायची. सोबत ज्वारीची भाकरी आणि आंबील. मी ते डब्यात घेऊन जामबागेतल्या कॉलेजात जायची आणि कोपऱ्यात बसून खायची, कारण बाकीच्या मुलींच्या डब्यात पोळ्या असत. पुढे लाज गेली. पण खरं सांगायचं तर ती बी.एस्सी.चा निकाल लागल्यावरच गेली. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते आणि इथेही लिहिते. कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो. मिरवण्यासारखं आमच्याकडे फार नव्हतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, फाल्गुनातच, दादा एका संध्याकाळी घरी आले आणि ओसरीवर त्यांच्या मागोमाग रक्ताचे ठिपके आले. उजव्या पायाचा ठसा उमटेल तिथे एक. मी म्हटलं, “दादा, पायाला काय झालं?”

“कुठं काय?”

मी त्यांना खाली बसवलं. टाचेच्या वर बाभळीचा काटा, जवळजवळ बोटाच्या पेराएवढा, आत गेलेला. तो मी चिमट्यानं ओढून काढला. ओढताना माझेच दात शिवशिवले. दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

“दुखत नाही?”

“निघाला का?” त्यांनी विचारलं.

मी काटा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. साखरेचा आजार होता हे आम्हाला ठाऊक होतं. पायांना काही कळेनासं झालंय हे त्यांच्या एकट्यालाच ठाऊक होतं. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाले, दुसरा उन्हाळा. म्हणजे वर्षभर ते गिरिनीवर जाऊन नुसते उभे राहत होते आणि अंदाजानं सांगत होते. आभाळ बघून, रंग बघून, नशिबानं.

“मग हातानं बघा ना,” मी म्हटलं.

“हाताला वरचं कळतं. पायाला खालचं कळतं.” मग म्हणाले, “अन् मेस्त्री वाकला की चार माणसं इचारतात, कामून वाकला.”

सेवेची तीन वर्षं राहिली होती. कमिटीत काही जणांना शिकलेला, सर्टिफिकेटवाला माणूस आणायचा होता. नव्या मेस्त्रीला दोन खोल्याही द्याव्या लागणार होत्या. हे सगळं दादा बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “मायला सांगू नको. खाजाला तर अजिबात नको.” आणि मग, हे म्हणताना माझ्याकडे न बघता, “तुझे पाय चांगलेत ना?”

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे त्यांच्याबरोबर निघू लागले. सगळ्यांना सांगायला, मेस्त्रीची पोरगी दव झाडायला मदत करते. खरं काम वेगळं होतं. मी अनवाणी गिरिनीवर काठी फिरवायची आणि दादांच्या जवळून जाताना हळूच सांगायची. त्यांनी मला स्वयंपाकघरातले शब्द दिले होते. ‘धुतलं ताट’ म्हणजे फार ओली. ‘मळलं पीठ’ म्हणजे बरोबर. ‘तव्याची कड’ म्हणजे कोरडी पडायला लागली, पाणी हवं. पहिले आठ दिवस मला सगळंच नुसतं गार लागायचं. ते चिडायचे. “वरवर उभी राहू नको. वजन टाक. तुझी घाई पायात उतरते, लेकी.” पुढे कळायला लागलं. अजूनही कळतं. परवा साखरेच्या तपासणीत डॉक्टरांनी माझ्या तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवून विचारलं, लागतो का, तेव्हा मी डोळे मिटून वजन टाकायला गेले. आडवी पडलेली बाई वजन कुठे टाकणार? डॉक्टर हसले.

पहाटे चार-साडेचारला उठायचं, नऊ गिरिनी तुडवायच्या, पाय धुऊन साडेसातची बस पकडायची, दिवसभर कॉलेज, घरी आल्यावर मायला हात, मग अभ्यास. बसमध्ये मी दांड्याला धरून उभ्याउभ्या झोपायची. मला कंटाळा आला होता. तेव्हा हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण आज लिहिताना लपवायचं कशाला? मला दादांच्या पायांचा कंटाळा आला होता.

गुढीपाडवा झाला. आमच्याकडे गुढीही उभी राहायची आणि उगादीची पच्चडीही व्हायची, कडुनिंबाच्या फुलांची. त्यानंतरच्या आठवड्यात मैदानाचा वर्षाचा मोठा सामना होता आणि त्याच आठवड्यात माझ्या परीक्षा. सामन्यासाठी गिरिनी अगदी बारीक कापून घेतल्या. ज्या दिवशी कापणी पुरी झाली त्याच संध्याकाळी वादळ उठलं. आमच्या पत्र्यावर गारा इतक्या पडल्या की माय आणि मी एकमेकींशी बोलू शकत नव्हतो. दादा दारात उभे राहून हात बाहेर काढत होते. “पडू दे,” ते म्हणाले. मला दिसलं तेवढंच, ओठ हलले.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं. माझी प्रॅक्टिकल परीक्षा नऊला. पहिली गिरीन धुतलं ताट. दुसरी, तिसरी तशाच. चौथी, पाचवी, सहावी मळलं पीठ. सातवी गिरीन लांब होती, मोठ्या शिळांच्या पलीकडे चढावर. तिथे जायला आणि यायला वीस मिनिटं. आठवी-नववी घराच्या वाटेवर होत्या, त्या मी आधीच तुडवल्या होत्या. दादा आणि खाजामियाँ सहावीवर बोलत उभे होते. मी शिळांपर्यंत गेले. वर बघितलं. शिळा काळ्या दिसल्या, ओल्याच असणार. मी शिळेआड थोडा वेळ थांबले आणि परत आले.

“क्या मेस्त्री,” खाजामियाँ विचारत होते, “सातवे कू पानी छोडूं क्या नक्को?”

दादांनी माझ्याकडे बघितलं.

“मळलं पीठ,” मी म्हटलं.

“नक्को,” दादा म्हणाले.

मी पळत सुटले. बस मिळाली. प्रॅक्टिकल चांगलं गेलं. बाईंनी मला पानाचा उभा छेद घ्यायला दिला होता आणि त्याच्या पेशींत पाणी कसं टिकतं ते मी घडाघडा सांगितलं.

आमच्या इकडचा वळीव कसा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. रस्त्याच्या या बाजूला गुडघाभर पाणी आणि त्या बाजूला धूळ, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्या संध्याकाळचा पाऊस शिळांच्या अलीकडेच संपला होता. सातव्या गिरिनीवर एक थेंब पडला नव्हता. तिच्यावर होतं ते नुसतं दव, आणि लांबून दव पावसासारखंच चमकतं.

दुसऱ्या दिवशी लेखी पेपर म्हणून दादा म्हणाले, “आज राहू दे. जमिनीत गारांचं पाणी हाये.” त्याच दिवशी उष्ण वारा सुटला, चैत्रात सुटतो तसा, अंगातलं पाणी ओढून नेणारा. मी दुपारी पेपर देऊन आले तेव्हा पंपाचा आवाज चुकत होता. भक, भक, आणि मग नुसता श्वास. मी पंपाच्या खोलीत गेले. खाजामियाँ डोक्याला हात लावून बसले होते.

“बावडी में नै है बेटी. गरम हवा छूटी तो सब दूसरियां पी गए.” मग म्हणाले, “सातवां सलेटी हो गया.”

गवत तहानलं की आधी राखाडी होतं. त्यावर पाय दिला तर पाऊल उमटून तसंच राहतं, उठत नाही. मी त्या दुपारी सातवीवर गेले. मधोमध दादांची पावलं उमटलेली होती. येताना, उभं राहताना, जाताना. दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे आमच्या दोन खोल्यांएवढा चट्टा तपकिरी झाला.

सेक्रेटरीसाहेब आले. बरोबर कमिटीचे दोघं, मागे सगळे माळी, आणि मी, कारण त्या दिवशी पेपर नव्हता. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बुटाच्या टोकानं तो चट्टा दाबून बघितला आणि विचारलं, “किशन, तुम्हारे पाँव को क्या हुआ?”

मला वाटलं, आता दादा माझ्याकडे बघतील. मी तयार होते. खरंच होते, की आता तसं वाटतं, देव जाणे.

“मर गए साब,” दादा म्हणाले. “एक बरस हुआ. मैं बोला नै.”

एक टिटवी तेवढी ओरडत होती.

सामना आठ गिरिनींवर झाला. सातवीच्या खाली मैदानातच एक तात्पुरता खड्डा पाडला. सामना संपल्यावर दादांना रोपवाटिकेत पाठवलं. गिरिनीला ठिगळ लावायला गवत वाढवतात ते वाफे. पगार तोच, खोल्याही राहिल्या, फक्त मेस्त्री दुसरा आला. माय म्हणाली, सावलीतलं काम मिळालं. दादा जेवून उठले.

मला झोप येईना. तीन-चार दिवस मी तोंड चुकवत होते. शेवटी एका दुपारी वाफ्याशी गेले. ते खाली मांडी घालून बसले होते आणि हातानं गवत विरळ करत होते. मी म्हटलं, “दादा, त्या दिवशी मी सातवीवर गेलेच नव्हते.”

“ठाव हाये.”

“कधीपासून?”

“तू बशीत बसायच्या आधीपासून.” ते हातातलं काम न थांबवता बोलत होते. “तू गेल्यावर मी अन् खाजा वर गेलो. दव जसंच्या तसं होतं. कुणी चाललं असतं तर पावलं दिसली असती. काठी फिरली असती तर पट्टे दिसले असते.”

मला रडू आलं. “मग तुम्ही पाणी का नाही सोडलं?”

त्यांनी उपटलेल्या काड्या एकीकडे ठेवल्या. “खाजा बाजूला उभा होता. मी नक्को म्हणून बसलो होतो. नुसतं वाकून हात लावायचा होता, इंदे. एवढंच.” त्यांनी वाफ्यावर तळहात ठेवून दाखवला, जसं तिथे सातवीच होती. “मी पाय रोवून उभा राहिलो. कळल्यासारखं केलं. मान हलवली. अन् खाली उतरलो.” मग म्हणाले, “तू कामून रडायलीस? तू एकदा खोटं बोललीस. मी रोज बोलत होतो.”

मी पुढे तीस वर्षांहून जास्त वनस्पतिशास्त्र शिकवलं. गवत विरळ कसं करायचं ते मात्र त्या दुपारी त्यांच्या शेजारी बसून शिकले.

निकालाच्या दिवशी सकाळी मी नवी साडी नेसून निघाले होते. दादांनी हाक मारली. त्यांच्या वाफ्यातलं गवत तयार झालं होतं आणि त्याची चौकोनी ठिगळं सातवीवर न्यायची होती. नवा मेस्त्री गावाला गेला होता. मी साडी खोचली. दादा, खाजामियाँ आणि मी, तिघांनी टोपल्या वाहून ती वर नेली. दादांच्या पायांत आता बूट होते. ते गुडघ्यांवर बसले आणि एकेक ठिगळ दाबून बसवू लागले, सगळ्यांसमोर. दोन माळी जाताना थांबले, बघून पुढे गेले. काम संपायला नऊ वाजले.

खाजामियाँनी पाइप हातात घेतला. नेहमीच्या सवयीनं त्यांचा चेहरा दादांकडे वळला. मग तो माझ्याकडे आला. ते माझ्याच पायांकडे बघत होते.

“बेटी,” त्यांनी विचारलं, “पानी?”

मी चपला कडेला काढल्या. ठिगळं नुकत्याच पाणी मारलेल्या वाफ्यातून आलेली, ती ओली असणारच हे मला दिसत होतं. खाली रस्त्यावर जामबागेची बस येऊन थांबली होती, तिचं इंजिन ऐकू येत होतं. मी एका ठिगळावर उभी राहिले. मग दुसऱ्यावर. मग कडेच्या जुन्या मातीवर. वजन टाकलं. बस गेली. निकाल लागून झाला होता, तो कुठे पळून जाणार नव्हता. सगळ्या ठिगळांवर उभी राहून झाल्यावर मी म्हटलं, “ठिगळं मळलं पीठ. पण खालची जमीन तव्याची कड आहे.”

दादांनी वाकूनच माती चिमटीत घेतली, चोळली.

“हौ,” ते म्हणाले. “बराबर बोल रही. छोड.”